घरांतील अक्षरांचें कोठार

गेल्या चैत्रांत आमच्या वन्संनीं एक अगदीं साधा प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर देण्यास आम्हांस श्रावण उजाडावा लागला. वन्सं आतां अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास म्हणून त्या माहेरीं आल्या होत्या. कैरीची डाळ आणि पन्हें झाल्यावर पानाचा डबा पुढें ओढीत त्या म्हणाल्या, "वहिनी, नानांनीं माझ्या मुलींचीं नांवें कुलवृत्तांतांत घातलीं होतीं. मला त्यांनीं स्वतः वाचून दाखविलीं होतीं. तें बाड आहे ना घरांत?"

बाड घरांत होतें. पण तें कागदाचें नव्हतें.

कुलवृत्तांताची पहिली आवृत्ति मामंजींनीं १९६८ सालीं छापून घेतली. तेव्हांच्या रिवाजाप्रमाणें तींत मुलग्यांचे वंश सविस्तर आणि मुलींचा उल्लेख एका ओळींत: अमुक कन्या, अमुक गांवीं दिली. उतारवयांत मामंजींना ही गोष्ट खटकूं लागली. त्यांनीं घराण्यांतील माहेरवाशिणींना पोस्टकार्डें धाडलीं, उत्तरें मागविलीं, पुन्हां पुन्हां स्मरण दिलें, आणि १९९४ ते १९९७ या काळांत लेकींच्या शाखांचा एक स्वतंत्र भाग तयार केला. माझे धाकटे दीर त्या वेळीं पुण्यांत संगणकावर मजकूर जुळवून देण्याचा व्यवसाय करीत. दुकान बंद झाल्यावर रात्रीं जागून त्यांनीं तो सारा भाग लिहून काढला. मुद्रितें मीं तपासलीं. परंतु छपाईस जाण्यापूर्वींच मामंजी गेले. पुढें पोस्टकार्डांच्या पेटीला वाळवी लागली. आतां भाऊजीहि राहिले नाहींत. उरली ती त्यांच्या दुकानांतून आलेली एक तबकडी, आणि तिच्यावर त्या भागाच्या अकरा फायली.

पुतण्यानें ती तबकडी लावून पहिली फाईल उघडली, तेव्हां पडद्यावर जें दिसलें तें मराठी नव्हतें आणि इंग्रजीहि नव्हतें. रोमन अक्षरें, मध्येंच कंस, स्वल्पविराम, डॉलरचें चिन्ह, डोक्यावर टिंबें असलेलीं जर्मन वळणाचीं अक्षरें, अशी ती सारी खिचडी होती. तो म्हणाला, "काकू, फाईल बिघडलेली दिसते."

मीं म्हटलें, "बिघडली नाहीं रे. तिचा फाँट हरवला आहे."

ज्यांनीं १९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत संगणकावर मराठी लिहिलें असेल त्यांना या बोलण्याचा अर्थ चटकन् कळेल. इतरांसाठीं थोडें विस्तारानें सांगतें. संगणकाच्या पोटांत अक्षर नसतें, अंक असतो. अमुक अंक आला म्हणजे अमुक आकृति काढावयाची, हें फाँट नांवाच्या फायलींत नोंदलेलें असतें. त्या काळच्या साध्या फाँटमध्यें अशीं २५६ स्थानें असत. त्यांतील पहिलीं ३२ यंत्राच्या नियंत्रणासाठीं राखलेलीं, आणि बाकीच्या स्थानांवर रोमन लिपीचा संसार. आमच्याकडील कारागिरांनीं युक्ति काढली ती अशी कीं, त्याच स्थानांवरील रोमन आकृती उचलून तेथें देवनागरी आकृती बसविल्या. संगणकास वाटे कीं आपण इंग्रजीच लिहीत आहों. डोळ्यांना मात्र मराठी दिसे. कृतिदेव हा फाँट पुष्कळांच्या परिचयाचा आहे. त्यांत जे, के आणि ई हीं तीन लहान रोमन अक्षरें ओळीनें टिपलीं कीं पडद्यावर 'राम' उमटतो. फाँट काढून घ्या; राम नाहींसा होतो आणि जे-के-ई मागें उरतात.

सर्वांनीं मिळून एकच मांडणी पाळली असती तर एवढ्यानेंहि कांहीं बिघडलें नसतें. भारतीय लिप्यांसाठीं इस्की नांवाची एक योजना भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली होती. पण ती मजकूर कसा साठवावा याची योजना होती. फाँटमधील कोणती आकृति कोणत्या स्थानावर बसवावी, हें प्रत्यक्षांत बहुधा ज्याचें त्यानें ठरविलें. श्रीलिपीची मांडणी निराळी, आकृतीची निराळी, शिवाजीची निराळी, सी-डॅकच्या योगेश-सुरेखची निराळी. कधीं कधीं तर एकाच घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातींतहि फरक. त्यामुळें त्या काळचा प्रत्येक मराठी मजकूर म्हणजे एक कुलूप होऊन बसला आणि त्याचा फाँट ही त्याची किल्ली झाली.

आमच्या घरीं किल्ल्यांची वाण नव्हती. किल्ल्याच फार होत्या, हीच अडचण होती. भाऊजींच्या तबकड्या, खोक्यांत सांपडलेल्या फ्लॉप्या आणि त्यांच्या शेवटच्या संगणकांतील डिस्क, असें सर्व एका जागीं उतरविलें तेव्हां फाँटच्या फायली सुमारें ४,६०० भरल्या. कांहीं त्यांनीं रोख पैसे मोजून घेतलेले संच. त्या काळीं अशा संचाबरोबर संगणकाच्या पाठीमागें लावावयाचें एक कुलूपहि मिळे. कांहीं फाँट लग्नपत्रिका छापावयास आलेल्या गिऱ्हाइकानें हौसेनें आणून दिलेले. कांहीं संगणकविषयक मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या तबकड्यांवरचे. आणि कांहीं, खरें सांगावयाचें तर, या दुकानांतून त्या दुकानांत जसे हस्तेपरहस्ते फिरत तसे आलेले. पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं ते सारे एकदम स्वतःच्या संगणकावर बसवून टाकले होते. परिणाम असा झाला कीं, साधें पत्र लिहावयास बसलें तरी लेखनाचा प्रोग्राम उघडेपर्यंत चहा निवत असे, आणि फाँटची यादी खालीं ओढतां ओढतां आपणांस काय हवें होतें याचाच विसर पडे.

"काकू, हें सगळें पुसून टाकूं या," तो म्हणाला. "हल्लीं दहा फाँट पुरतात."

त्याचें म्हणणें अर्धें खरें होतें. लिहिण्यास दहा पुरतात. वाचण्यास मात्र पुरत नाहींत, आणि आम्हांस तर जुनें वाचावयाचें होतें.

माझ्या माहेरीं लहानसा छापखाना होता. शिशाच्या खिळ्यांच्या त्या उतरत्या लाकडी केसी, त्यांतील ते असंख्य खण, आणि खालीं न पाहतां झपाझप खिळे उचलणारे जुळारी, हें दृश्य मीं लहानपणीं रोज पाहिलें आहे. जोडाक्षरांमुळें देवनागरीस खिळ्यांचे प्रकार शेंकड्यांनीं लागत. म्हणूनच लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेंहि ही संख्या कमी कशी करतां येईल याचा खटाटोप केला होता. पान छापून झालें कीं खरें कंटाळवाणें काम पुढेंच असे. वापरलेला प्रत्येक खिळा पुसून पुन्हां ज्याच्या त्याच्या खणांत टाकावयाचा. नवशिक्या पोरांना प्रथम याच कामावर बसवीत. 'ष' चा खिळा चुकून 'प' च्या खणांत पडला तर दुसऱ्या दिवशीं छापलेल्या पानांत 'पुरुष' चा 'पुरुप' होई आणि वडिलांचा आवाज ओटीपर्यंत ऐकूं येई.

फाँट हा शब्दच मुळीं ओतकामांतला आहे. एका वळणाचा आणि एका मापाचा ओतीव खिळ्यांचा संच, म्हणजे फाँट. जावजी दादाजी यांनीं मुंबईस १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू या कसबी कारागिराच्या हातून जे टाइप पाडविले, त्यांचें वळण मराठी व संस्कृत वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत भरून राहिलें. शिशाचा संच घ्यावयाचा म्हणजे वजनावर पैसे मोजावे लागत, ठेवावयास जागा लागे, हलवावयास माणसें लागत. संगणकाचा फाँट जागा अडवीत नाहीं, उचलावा लागत नाहीं, आणि पुष्कळदां फुकट येतो. म्हणूनच त्याचा पसारा होतो.

तेव्हां आम्ही पसारा आवरावयास बसलों. पुतण्याचे हात आणि माझे डोळे.

पहिली गोष्ट आम्हीं स्वयंपाकघराकडे पाहूनच ठरविली. वर्षाचें धान्य कोठीच्या खोलींत राहतें आणि रोजचे डबे फळीवर. गव्हाचें पोतें कोणी शेगडीशेजारीं आणून ठेवीत नाहीं. फाँट जवळ असणें आणि तो संगणकावर बसविणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें एकदां ध्यानांत आलें कीं निम्मी डोकेदुखी संपते. बसविलेल्या फाँटांची दखल प्रत्येक प्रोग्रामास घ्यावी लागते. नुसत्या साठवलेल्या फायलींचा कोणास उपद्रव नाहीं. म्हणून संगणकाबरोबर मुळांत आलेले फाँट तेवढे जागच्या जागीं राहूं दिले आणि बाकीचे सर्व उतरवून एका वेगळ्या डिस्कवर कोठींत नेले. मुळांत आलेल्यांना मात्र हात लावूं नये. संगणकाच्या स्वतःच्या पाट्या आणि सूचना त्यांनींच लिहिलेल्या असतात.

दुसऱ्या पायरीवर आम्ही फसलों. पुतण्यानें दिसण्यावरून वर्गवारी करावयास घेतली: ठळक, नाजूक, बोरूच्या वळणाचे, पत्रिकेचे, जाहिरातीचे. आठवडाभरांत हजारभर फाँट पाहून त्याच्या लक्षांत आलें कीं, एकच फाँट आपण तीन कप्प्यांत टाकला आहे. दिसण्याची वर्गवारी वाईट नाहीं, पण ती अगदीं शेवटची. आधीं हें पाहावें कीं एकसारख्या फायली किती आहेत. यासाठीं प्रत्येक फायलीवरून संगणकाकडून एक छोटा ठसा काढवितां येतो. फाईल तीच असेल तर, तिचें नांव कोणीं कांहींहि ठेवलेलें असो, ठसा तोच येतो. एका रात्रींत हें काम यंत्रानें केलें आणि ४,६०० चे २,८०० झाले. तेवढ्या फायली पुसून टाकतांना कांहींच वाटलें नाहीं.

परंतु जेथें नांव एक आणि ठसा निराळा, तेथें मीं हात धरला. पुतण्या म्हणे, नवा ठेवूं आणि जुना टाकूं. मीं म्हटलें, दोन्ही राहूं दे. या हट्टाचें फळ पुढें मिळालें.

फाँटच्या नांवाचीहि एक गंमत आहे. फायलीचें नांव वेगळें आणि फाँटचें नांव वेगळें. जुन्या डॉसच्या काळांत फायलीस आठच अक्षरांचें नांव देतां येई. ती संवय पुढेंहि टिकली, त्यामुळें फायलींचीं नांवें म्हणजे नुसतीं टोपणनांवें, आणि तीं पाहून आंत काय आहे याचा थांग लागत नाहीं. खरें नांव फायलीच्या पोटांत असतें. तेथेंच घराणें, पाती, आवृत्ति, कर्ता आणि पुष्कळदां वापराच्या अटीहि नोंदलेल्या असतात. तें पोटांतलें नांव वाचण्यासाठीं फाँट सांभाळणारे स्वतंत्र प्रोग्राम मिळतात. मॅक संगणकावर फाँट बुक मुळांतच असतें. विंडोजसाठीं नेक्ससफाँट आणि फाँटबेस हे पुष्कळ लोक वापरतात. यांतील सोय अशी कीं, कोठींतील फाँट तेथेंच ठेवून त्यांचा नमुना पाहतां येतो, त्यांचे गट पाडतां येतात, आणि हवा तो गट कामापुरता जागा करून काम झालें कीं निजवितां येतो. फाँटच्या जगांतहि एकत्र कुटुंबपद्धति आहे. साधा, ठळक आणि तिरपा ही भावंडें एकाच आडनांवाखालीं नांदावयाचीं. पण जुन्या संचांत कित्येकदां प्रत्येक भावानें आडनांवच निराळें लावलेलें आढळलें. त्यांना एका छपराखालीं आणण्यांत माझा वैशाख गेला.

कोठींत आम्हीं अखेर तीन दालनें केलीं. एकांत नुसते रोमन लिपीचे; त्यांविषयीं सांगण्यासारखें फारसें नाहीं. दुसऱ्यांत युनिकोडचे देवनागरी. तिसऱ्यांत जुन्या खासगी मांडणीचे देवनागरी. आणि हेंच दालन खरें मोलाचें, जरी दिसावयास तें सर्वांत ओबडधोबड असलें तरी. तेथें दिसण्याकडे मुळींच न पाहतां घराण्याप्रमाणें कप्पे पाडले, आणि प्रत्येक मांडणीचा एकेक तक्ता कागदावर छापून ठेवला: अमुक स्थान, अमुक आकृति. विंडोजमधील कॅरॅक्टर मॅप या सोयीनें सर्व आकृती ओळीनें पाहतां येतात. अशीं ऐंशी पानें झालीं. तीं मीं टांचून वही केली, कारण कागदावर बोट ठेवून शोधण्याची माझी संवय जात नाहीं.

आतां कुलवृत्तांत. पहिल्या दहा फायली लेखनाच्या प्रोग्रामांत केलेल्या होत्या. हव्या त्या फाँटची किल्ली सांपडली नाहीं कीं असा प्रोग्राम गुपचूप दुसऱ्याच फाँटनें वेळ मारून नेतो. परंतु वरच्या चौकटींत मूळ फाँटचें नांव तो प्रामाणिकपणें दाखवीत राहतो. तें नांव आम्हीं टिपून घेतलें आणि तिसऱ्या दालनांत पोटांतल्या नांवानें शोध घेतला. दोन फायली निघाल्या. नांव अक्षरशः एक, ठसे निराळे. दोन सख्ख्या नांवांचे फाँट एकाच वेळीं बसविले तर संगणक गोंधळतो, म्हणून पुतण्यानें त्यांतील नवा बसविला. पडदा क्षणभर थरथरला आणि समोर मामंजी बोलूं लागले! गोत्र, प्रवर, मूळ गांव, सारें जसेंच्या तसें. मुलें टाळ्या वाजवूं लागलीं.

मी वाचीत गेलें. तिसऱ्या ओळींत 'रत्नागिरी' होतें, आणि त्यांत 'त्न' च्या जागीं भलतेंच जोडाक्षर. दोन ओळींनंतर पुन्हां तेंच. बाकी मजकूर बिनचूक. म्हणजे किल्ली त्याच घराण्याची खरी, पण पुढच्या पिढीची; मधल्या काळांत कर्त्यानें चारसहा जोडाक्षरांच्या जागा बदलल्या होत्या. नवा उतरविला, जुना बसविला, आणि रत्नागिरी आपल्या जागीं आली. पहिल्या आठवड्यांत 'जुना टाकूं' या सल्ल्याप्रमाणें वागलों असतों तर तीं चारसहा जोडाक्षरें प्रत्येक ठिकाणीं अंदाजानें भरावीं लागलीं असतीं; आणि कुलवृत्तांतांत अंदाज चालत नाहीं. पुतण्यानें कांहीं न बोलतां माझ्यासाठीं चहा टाकला.

अकरावी फाईल तशी उघडेना. ती नुसत्या अक्षरांची साधी फाईल. तींत फाँटचें नांवच नाहीं. दहा फायलींचा फाँट लावून पाहिला, तो लागेना. बहुधा भाऊजींनीं ती दुसऱ्या कोणत्या तरी संगणकावर केली असावी. आणि वन्संची शाखा याच फायलींत होती, कारण आधींच्या दहांत ती नव्हती. दोनशेंवर फाँट एकामागून एक लावून पाहण्यापलीकडे मार्ग दिसेना. तेव्हां मला एक आठवलें. मामंजी प्रत्येक भागाच्या माथ्यावर 'श्रीगजानन प्रसन्न' असें घालीत; मुद्रितें तपासतांना मीं तें दहा वेळां वाचलें होतें. म्हणजे या फायलींतील पहिल्या चिन्हांचा अर्थ आम्हांस आधींच ठाऊक होता! पहिलें चिन्ह जेथें 'श्री' दाखवितें आणि पुढें 'गजानन' मधील दोन 'न' एकाच स्थानावर येतात, असा तक्ता वहींत शोधावयाचा. ऐंशी पानांपैकीं तीन पानें जमलीं, आणि तिसरें पान बरोबर निघालें. रात्रींचे साडेअकरा झाले होते. आम्हीं कोणास उठविलें नाहीं.

किल्ली सांपडली तरी कुलूप तसेंच ठेवणें शहाणपणाचें नव्हतें. मजकूर युनिकोडमध्यें नेणें अवश्य होतें. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालची. तींत जगांतील लिप्यांना आपापलीं स्थानें नेमून दिलेलीं आहेत, आणि देवनागरीच्या मूळ विभागांत १२८ स्थानें आहेत. जोडाक्षरांना तेथें स्वतंत्र जागा नाहीं. साठवण मूळ वर्णांची होते, आणि त्यांची जोडणी कशी दिसावी हें फाँटमधील नियम ठरवितात. म्हणून युनिकोडमधील राम कोणत्याहि देवनागरी फाँटमध्यें रामच राहतो. आमच्या दोन्ही मांडण्यांचे तक्ते हाताशीं होतेच. त्यांवरून पुतण्यानें रूपांतराचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रसिद्ध मांडण्यांसाठीं असे प्रोग्राम तयारहि मिळतात.

दोन ठिकाणीं मात्र हटकून ठेंच लागते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फाँटांत ती आधीं टिपीत. युनिकोडमध्यें ती अक्षरामागून येते. रफाराचें याच्या उलट. 'धर्म' मधला रफार जुन्या पद्धतींत 'म' नंतर, नव्यांत 'म' च्या आधीं. प्रोग्राम या दोघांना उचलून पलीकडे ठेवतो, पण मध्यें एखादें जोडाक्षर आलें कीं चुकतो. त्याला उपाय एकच: मोठ्यानें वाचन. रोज रात्रीं जेवणें झालीं कीं माझी पुतणी जुन्या फाँटमध्यें छापलेल्या कागदावरून वाची आणि मी पडद्यावर पाहत असें. १४० पानांस तेवीस रात्री लागल्या. घरांतल्या मुलांना आपल्या किती आत्या, किती मावसआत्या कोठें कोठें आहेत हें त्या रात्रींत कळलें, तो लाभ निराळाच.

फळीवर आतां बारा फाँट आहेत. नव्या फाँटची परीक्षा मी एका ठराविक ओळीनें घेतें: वऱ्हाड, दुसऱ्या, विठ्ठल, उद्ध्वस्त, हृदय, शृंगार, रत्नागिरी, ज्ञानेश्वर, ॲटलस, ऑगस्ट, काळें. यांतील 'ॲ' ला युनिकोडमध्यें स्वतंत्र स्थान २००८ सालीं मिळालें, म्हणून त्यापूर्वींच्या फाँटांत तेथें रिकामी चौकट दिसते. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणें हिंदीहून वेगळीं आहेत, आणि महाराष्ट्र शासनानें २००९ च्या निर्णयांत मराठी वळणेंच प्रमाण धरलीं आहेत. कांहीं नव्या फाँटांत दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून दिली कीं आपलीं प्रकट होतात. सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनीं घडविलेला मंगल विंडोज २००० बरोबर घरोघर आला. तो बसलेलाच आहे. लांब मजकुरास मी मुक्त वापरतें, मुलांना पत्रावर बाळू आवडतो. हे दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे असून मुक्त परवान्यानें कोणासहि वापरतां येतात. हस्ताक्षरासारखा कलम निमंत्रणास बरा.

परवान्यांविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. फाँट हें कोणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या मेहनतीचें फळ असतें. हस्तेपरहस्ते आलेले जे फाँट आमच्या एकाहि कागदास लागत नव्हते, ते आम्हीं पुसले. विकत घेतलेल्यांच्या पावत्या भाऊजींनीं जपल्या होत्या. त्यांचीं छायाचित्रें त्या त्या कप्प्यांतच ठेवलीं. टाइप वन नांवाची एक जुनी जात आहे. ॲडोबी कंपनीनें ती १९८४ सालीं आणली, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ती त्याच कंपनीच्या प्रोग्रामांतून बाद झाली. त्या जातीचे साठएक फाँट निघाले. ज्या लग्नपत्रिका त्यांत होत्या त्यांचीं नुसतीं चित्रें करून ठेवलीं आहेत. सर्व कोठाराची एक प्रत आमच्या घरीं आणि दुसरी पुतणीच्या सासरीं आहे. तबकड्यांवर फार दिवस विसंबूं नये. आमच्यापैकीं दोन वाचल्याच गेल्या नाहींत.

श्रावणांतल्या पहिल्या शुक्रवारीं वन्संना जेवावयास बोलाविलें. पुरणपोळी झाल्यावर मीं अकराव्या फायलींतील त्यांच्या शाखेचीं चार पानें, मोठ्या अक्षरांत छापून, त्यांच्या हातीं दिलीं. चष्मा पुसून त्यांनीं सावकाश वाचलीं. तिन्ही मुलींचीं नांवें होतीं, सासरचीं होतीं, शिक्षण होतें. दुसऱ्या पानावर त्यांचें बोट थांबलें.

"नानांनीं हिला सांगलीस दिली असें लिहिलें आहे. सांगलीस नव्हे हो, मिरजेस. मीं त्यांना तेव्हांहि सांगितलें होतें. त्यांना ऐकूं कमी येई."

पुतण्यानें संगणक पुढें ओढला आणि त्यांच्या समोरच सांगलीचें मिरज केलें.